फुकटच्या रसिकतेचें थोतांड

आपल्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांतून हल्लीं 'लेखक आपल्या भेटीला' या किंवा अशाच कांहींशा मथळ्याखालीं जे समारंभ होतात, त्यांच्याविषयीं कौतुकाखेरीज दुसरें कांहीं छापून येत नाहीं. वाङ्मयीन जागृतीचें लक्षण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविलें जातें. मराठी वाचक मेला अशी ओरड करणारांना उत्तर म्हणून त्यांचा दाखला दिला जातो. आणि ज्या दुकानदारानें ते घडवून आणले त्याला 'साहित्यसेवक' ही पदवी बहाल करून मंडळी घरीं जातात. माझें मत याच्या नेमकें उलट आहे. हे समारंभ आज ज्या स्वरूपांत चालतात त्या स्वरूपांत ते वाचनाला पोषक नाहींत, ग्रंथकाराला मान देणारे नाहींत, आणि दुकानदाराच्या तर ते मुळावरच आलेले आहेत. त्यांच्यापासून कोणाचें खरोखर समाधान होत असेल तर तें केवळ श्रोत्यांचें. आणि तें समाधानहि, एक पैसा न खर्च करतां आपण रसिक ठरलों, अशा जातीचें असल्यामुळें फारसें स्पृहणीय नव्हे.

या समारंभांचा साचा आतां पक्का झालेला आहे. निमंत्रणपत्रिकेवर सहाची वेळ असते. साडेसहापर्यंत खुर्च्या मांडल्या जातात व अध्यक्षांची वाट पाहिली जाते. मग दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, जो बहुधा पाहुण्यांनींच लिहून दिलेला असतो. मग शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छाऐवजीं पुस्तक द्यावें ही सुधारणा कांहीं ठिकाणीं झाली आहे खरी. पण दुकानांत सर्वांत अधिक दिवस पडून राहिलेलें पुस्तक त्या कामीं येतें, ही त्यांतली मेख पाहुण्यांना घरीं गेल्यावर कळते. यानंतर रंगीत कागदांत गुंडाळलेल्या पुस्तकाची फीत सोडण्याचा विधि होतो, आणि सहा-सात माणसें एकेक प्रत छातीशीं धरून छायाचित्रासाठीं उभीं राहतात. 'पुस्तक मला कालच मिळालें, तें मीं चाळलें आहे,' एवढी कबुली देऊन प्रमुख पाहुणे स्वतःच्या लेखनाकडे वळतात. अध्यक्ष सर्वांच्या भाषणांचा परामर्श घेतात. ग्रंथकाराच्या वाट्याला आठ-दहा मिनिटें येतात, व तीं आईवडील, पत्नी, प्रकाशक आणि मुद्रितशोधक यांचें ऋण मानण्यांत संपतात. आभारप्रदर्शनानंतर चहा. या दीड-दोन तासांत, ज्या पुस्तकासाठीं हा सारा खटाटोप, त्यांतला एक परिच्छेदहि कोणी वाचून दाखवीत नाहीं. लग्नाला जाऊन नवरानवरी न पाहतां जेवून परत येणारे लोक आपल्या माहितीचे आहेत; पण तेथें निदान आहेर तरी करावा लागतो!

आतां दुकानदाराच्या खातेवहींत डोकावूं. तीनशें रुपये किंमतीचें एक पुस्तक घ्या. त्यावर दुकानदाराला शेंकडा ३० प्रमाणें कमिशन मिळालें असें धरूं. म्हणजे ९० रुपये. समारंभाच्या दिवशीं 'खास सवलत' म्हणून शेंकडा २० सूट द्यावयाची हा आतां शिष्टाचारच होऊन बसला आहे. म्हणजे त्यांतले ६० रुपये गेले. उरले ३०. शंभर माणसांना प्रत्येकीं पंधरा रुपयांचा चहा पाजला तर दीड हजार रुपये झाले. म्हणजे नुसता चहाचा खर्च निघावयाला पन्नास प्रती खपल्या पाहिजेत. खुर्च्यांचें भाडें, ध्वनिवर्धक, शाल, दोन नोकरांचा जादा वेळ, आणि आंत गर्दी पाहून दारावरूनच परत गेलेलें नेहमींचें गिऱ्हाईक, हें सारें मीं हिशेबांत धरलेलेंच नाहीं. शंभर श्रोत्यांपैकीं पन्नासांनीं पुस्तक विकत घेतलें असा समारंभ ज्यानें पाहिला असेल त्यानें हात वर करावा. वीस प्रती गेल्या तर दुकानदार स्वतःला भाग्यवान समजतो, आणि त्या विसांतहि लेखकाच्या नातलगांचा वांटा मोठा असतो. वीस प्रतींचे सहाशें रुपये आले, चहाचे दीड हजार गेले. साहित्यसेवेची ही एक संध्याकाळ पदरचे नऊशें रुपये घेऊन गेली. असे समारंभ महिन्यांतून चार केले म्हणजे 'साहित्यसेवक' ही पदवी केवढ्याला पडते तें वाचकांनींच काढावें.

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, सरस्वतीचा बाजार मांडूं नये. वाङ्मयाच्या आनंदाला तिकिट लावणें हें आपल्या संस्कृतीला शोभत नाहीं. ही संस्कृति कोणती, हें मला कधींच समजलेलें नाहीं. १८५३ मध्यें विष्णुदास भावे यांची मंडळी मुंबईस आली, तेव्हांपासून मराठी माणूस नाटकाला तिकिट काढून जात आहे, व त्यामुळें नाटकाचें पावित्र्य भंगलें असें कोणी म्हटलेलें नाहीं. पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ मध्यें 'बटाट्याची चाळ'चे प्रयोग सुरू केले तेव्हां तें पुस्तक छापून निघाल्याला तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. म्हणजे एका ग्रंथकारानें स्वतःचेंच छापील पुस्तक स्वतःच्या तोंडानें लोकांपुढें ठेवण्याचा तो व्यवहार होता, आणि त्यासाठीं लोक तिकिटांच्या रांगेंत उभे राहिले. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या तिघांनीं गांवोगांव केलेलें काव्यवाचन ज्यांनीं ऐकलें, त्यांना त्या कवितेपुढें हारतुऱ्यांची आठवणहि झाली नसेल. इतकेंच कशाला, देवळांतल्या कीर्तनाच्या शेवटीं आरतीचें तबक फिरतें, आणि त्यांत नाणें टाकल्यावांचून उठणें आपल्या आजीला कमीपणाचें वाटत असे. नाटकाला पैसे, गाण्याला पैसे, कीर्तनालाहि पैसे. फुकट काय तें एकटें पुस्तक! पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ मध्यें सुरू केली, ती सर्वांना खुली होती, असा दाखला कोणी पुढें करील. तो मला मान्य आहे. पण व्याख्यानमाला हें सार्वजनिक कार्य होय, आणि तिचा भार कोणा एका दुकानदाराच्या गल्ल्यावर टाकलेला नव्हता. सार्वजनिक कार्य खासगी खर्चानें करवून घ्यावयाचें आणि त्याला संस्कृति म्हणावयाचें, ही युक्ति अलीकडची आहे.

पुस्तकाच्या दुकानांत ग्रंथकारानें येऊन वाचावें, ही कल्पना ज्या ठिकाणीं रुजली तेथें ती कशी चालविली गेली, तें पाहण्यासारखें आहे. लंडनमध्यें हॅरल्ड मन्रो या कवीनें १९१३ च्या जानेवारींत ब्लूम्सबरी भागांतील एका ओबडधोबड गल्लींत 'पोएट्री बुकशॉप' हें दुकान उघडलें. तेथें ठरलेल्या वारीं संध्याकाळीं कवितावाचन होई. श्रोत्यांनीं कांहीं पेन्स प्रवेशफी द्यावी व ऐकावें, असा साधा व्यवहार. वरच्या मजल्यावरच्या खोल्या होतकरू कवींना अल्प भाड्यानें मिळत. पुढें महायुद्धांत मारला गेलेला विल्फ्रेड ओवेन १९१६ मध्यें कांहीं दिवस तेथें राहिलेला होता. 'जॉर्जियन पोएट्री'चे १९१२ ते १९२२ या काळांत निघालेले पांच संग्रह याच मन्रोनें प्रकाशित केले. आमच्याकडे १९२३ मध्यें पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें आणि त्यांतील कवींनीं आपल्या कविता लोकांना गाऊन ऐकविण्यास आरंभ केला, त्याच्या थोडी अगोदरची ही हकीकत. मन्रोला या धंद्यांत पैसा मिळाला नाहीं, हें मी मुद्दाम सांगतों. कारण प्रवेशफी लावली कीं दुकान तरलें, असा माझा दावा नाहीं. १९३२ मध्यें तो वारला आणि १९३५ मध्यें दुकान मिटलें. परंतु जोंवर तें चाललें तोंवर तेथें येणाराला आपण कशासाठीं आलों आहों हें ठाऊक होतें.

पॅरिसची हकीकत याहून बोधप्रद आहे. ओदेऑं रस्त्यावर आद्रिएन मॉनिए या बाईनें १९१५ मध्यें आपलें फ्रेंच पुस्तकांचें दुकान उघडलें, आणि तिची मैत्रीण सिल्व्हिया बीच हिनें १९१९ मध्यें 'शेक्सपिअर आणि कंपनी' हें इंग्रजी पुस्तकांचें दुकान काढून १९२१ मध्यें तें त्याच रस्त्यावर समोर आणलें. १९२१ च्या डिसेंबरांत, ७ तारखेला, मॉनिएच्या दुकानांत व्हालेरी लारबो या फ्रेंच लेखकानें जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'वर व्याख्यान दिलें. दुकान लहान, माणसें अडीचशेंच्या घरांत. पुस्तक अद्याप बाहेर पडावयाचें होतें. सिल्व्हिया बीचनें तें १९२२ च्या २ फेब्रुवारीस प्रसिद्ध केलें. म्हणजे तेथला वक्ता छापून न निघालेलें पुस्तक वाचून आला होता. आमचा वक्ता छापून निघालेलेंहि वाचून येत नाहीं. आणि त्या संध्याकाळीं नुसतें व्याख्यान झालें नाहीं, तर मूळ इंग्रजींतले व फ्रेंच भाषांतरांतले उतारे वाचले गेले. पुस्तक समजावयास कठीण होतें, म्हणूनच तें वाचून दाखविण्याची गरज होती, ही साधी गोष्ट त्या दोन बायांना कळली होती.

पुढें मंदीचे दिवस आले, अमेरिकन गिऱ्हाइकें पॅरिस सोडून गेलीं, आणि १९३६ च्या सुमारास सिल्व्हिया बीचवर दुकान बंद करण्याची पाळी आली. तेव्हां आंद्रे जीद यांच्या पुढाकारानें लेखक पुढें सरसावले व दुकानाच्या मित्रांचें एक मंडळ निघालें. वर्षाला २०० फ्रँक वर्गणी. त्याबद्दल सभासदांना दुकानांत लेखकांचें वाचन ऐकावयास मिळे. जीद यांनीं वाचलें, पॉल व्हालेरी यांनीं वाचलें, १९३६ मध्यें टी. एस. एलियट येऊन वाचून गेले. १९३७ मध्यें, चारचौघांपुढें वाचण्याची मुळींच हौस नसलेला हेमिंग्वे स्टीफन स्पेंडरसह उभा राहिला. हे लेखक शाल पांघरून घेण्यास आले नव्हते. ज्या दुकानानें आपली पुस्तकें विकलीं व उधारीवर दिलीं तें दुकान बुडूं नये म्हणून ते आपला आवाज घेऊन आले, आणि श्रोते त्याचे पैसे देऊन आले. तें दुकान पुढें जर्मन अमलांत, १९४१ मध्यें, बंद झालें तें गिऱ्हाइकांच्या अभावीं नव्हे. (आज नोत्र-दामजवळ त्याच नांवाचें जें दुकान आहे तें निराळें, जॉर्ज व्हिटमन यानें तें १९५१ मध्यें दुसऱ्या नांवानें उघडलें व १९६४ मध्यें त्याला जुन्या दुकानाचें नांव दिलें. आमचे प्रवासी तेथें छायाचित्र काढून घेतात आणि 'येथेंच जॉइस बसत असे' असें घरीं येऊन सांगतात. पुस्तकाऐवजीं खुर्चीचें दर्शन घेण्याची संवय परदेशांतहि सुटत नाहीं.)

सवलतीचा प्रश्न मात्र लेखकांच्या चांगुलपणानें सुटण्यासारखा नाहीं. इंग्लंडांत १९०० पासून प्रकाशक व विक्रेते यांच्यांत करार होता, कीं छापील किंमतीखालीं पुस्तक विकावयाचें नाहीं. तो १९९५ मध्यें कोसळला. फ्रान्सनें १९८१ मध्यें कायदाच केला, व शेंकडा ५ पेक्षां अधिक सूट देण्यास बंदी घातली. जर्मनीनें २००२ मध्यें किंमतींच्या बंधनाला कायद्याचें रूप दिलें. म्हणून तेथील कोपऱ्यावरचें लहान दुकान मोठ्या व्यापाऱ्यासमोर निदान किंमतीच्या बाबतींत तरी उभें राहूं शकतें. आपल्याकडे असा कायदा नाहीं. घरबसल्या पुस्तक पोंचविणाऱ्या व्यापाराशीं सवलतींत स्पर्धा करणें लहान दुकानदाराला अशक्य आहे. त्याच्यापाशीं जें आहे तें त्या व्यापाऱ्यापाशीं नाहीं. पुस्तक हातांत घेऊन दोन पानें वाचण्याची मोकळीक, 'हें घेऊं नका, तें घ्या' असें सांगणारा माणूस, आणि लेखकाचा प्रत्यक्ष आवाज, एवढी त्याची दौलत. नेमकी हीच दौलत तो समारंभाच्या दिवशीं फुकट उधळतो, आणि वर, ज्या सवलतींत तो हरणारच आहे, ती सवलत देतो!

येथें मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचें नांव घेतलें जाईल. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ मध्यें तें सुरू केलें, गिऱ्हाइकांना सवलत दिली, आणि पुस्तकें स्वस्तांत मिळण्याचें ठिकाण म्हणून त्या दुकानाचा लौकिक झाला. खरें आहे. पण मोठ्या शहराच्या मध्यभागीं, इंग्रजी पुस्तकांच्या मोठ्या उलाढालीवर उभी असलेली ती सवलत होती. आणि तें दुकानहि २०१८ मध्यें बंद झालें. त्या दिवसांत हळहळ व्यक्त करणारे लेख किती आले! मराठी पुस्तकांचें दुकान तीनशें-चारशें प्रतींच्या आवृत्त्यांवर चालतें; त्याला ही ऐट परवडणारी नाहीं.

आमच्याकडे चांगलें उदाहरण मुळींच नाहीं असें नव्हे. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिकनें 'गप्पा' सुरू केल्या, त्या नांवांतच त्यांचें शहाणपण होतें. सत्कार नाहीं, गप्पा. लेखक बोलता होतो तो हार घालून नव्हे, प्रश्न विचारून. परंतु प्रश्न विचारण्याची कला आमच्या श्रोतृवर्गांत दुर्मिळ आहे हें कबूल केलें पाहिजे. आमचा प्रश्नकर्ता उभा राहतो, आपलें शिक्षण व नोकरी सांगतो, आपल्या आवडत्या कादंबरीचा गौरव करतो, आणि शेवटीं 'याबद्दल आपणांस काय वाटतें?' असें विचारून खालीं बसतो. बिचारा लेखक 'याबद्दल' म्हणजे कशाबद्दल हें शोधीत राहतो.

आणि लेखकहि निर्दोष नाहींत. मानधन मागावयाची लाज, पण शाल न मिळाल्यास रुसण्याची तयारी, असा त्यांचा स्वभाव बनला आहे. पंधरा मिनिटें नीट वाचतां यावें म्हणून घरीं चार वेळां मोठ्यानें वाचून पाहणारे किती निघतील? आपल्या गद्याचा आवाज कसा आहे हें ज्याला ऐकून पाहावेंसें वाटत नाहीं, त्यानें वाचकानें कान द्यावा अशी अपेक्षा करूं नये. जर्मनींत ग्रंथवाचनाची संध्याकाळ म्हणजे लेखक टेबलाशीं बसून पुस्तकांतून वाचतो, लोक तिकिट काढून ऐकतात, आणि लेखकाला त्याचें मानधन मिळतें; त्यांत कोणाला संकोच वाटत नाहीं.

तेव्हां माझें म्हणणें असें. दुकानदारानें पंचवीस खुर्च्या मांडाव्या. शंभर मांडूं नयेत. प्रवेशाला शंभर रुपये घ्यावे, व त्या संध्याकाळीं दुकानांतलें कोणतेंहि पुस्तक घेतल्यास ते किंमतींतून वजा करावे. इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक लहान दुकानांतून ही चाल रूढ आहे. सूट एक पैचीहि देऊं नये. लेखकानें वीस मिनिटें वाचावें. पुस्तक खरोखर वाचलेल्या एकाच माणसानें त्याला अर्धा तास प्रश्न विचारावे. दीप, शाल, अध्यक्ष आणि आभार यांना रजा द्यावी. आतां मघांचाच हिशेब पुन्हां करूं. पंचवीस श्रोत्यांनीं तीनशेंचें एकेक पुस्तक पुऱ्या किंमतीला घेतलें तर कमिशनचे २,२५० रुपये झाले. चहाचे ३७५ गेले. लेखकाच्या हातीं हजार रुपये ठेवले, तरी दुकानदाराला ८७५ उरतात. ज्यानें पुस्तक घेतलें नाहीं त्याचे शंभर रुपये दुकानांत राहिले. शंभर माणसांचा जयजयकार नऊशेंचा तोटा देतो आणि पंचवीस माणसांचें ऐकणें नफा देतें, यांत कोणतेंहि गूढ नाहीं.

गरीब विद्यार्थ्यानें काय करावें, हा आक्षेप ऐकूं येईल, आणि तो जे लोक घेतील ते बहुधा गरीबहि नसतील आणि विद्यार्थीहि नसतील. विद्यार्थ्यांसाठीं चार खुर्च्या फुकट ठेवाव्या. उभें राहून ऐकणाराकडून कांहीं घेऊं नये. ज्या कुटुंबांत चित्रपटगृहांतल्या लाह्यांच्या पुड्यावर दोन-तीनशें रुपये विनातक्रार जातात, उपाहारगृहांतल्या बिलावर कोणी घासाघीस करीत नाहीं, त्या कुटुंबांतला कर्ता पुरुष तीनशेंच्या मराठी कादंबरीवर 'कांहीं कमी होईल का?' असें विचारतो, तेव्हां त्याला पुस्तक महाग वाटत नसतें. त्याला पुस्तक हें पैसे देऊन घ्यावयाची वस्तु आहे असेंच वाटत नसतें. आणि हा गैरसमज त्याच्या मनांत कोणीं रुजविला? चहा, सवलत आणि छायाचित्र यांच्या मोबदल्यांत त्याच्याकडून कांहींच न मागणाऱ्या या समारंभांनीं.

२०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याबद्दल पेढे वांटले गेले, तें ठीकच झालें. पण आपल्या तालुक्याच्या गांवीं जा आणि नवी मराठी कादंबरी हातांत घेऊन चाळतां येईल असें दुकान कोठें आहे म्हणून विचारा. वह्या, मार्गदर्शकें आणि स्पर्धापरीक्षांचे ठोकळे विकणारें दुकान दाखवितील. जिल्ह्याच्या ठिकाणीं एखादें खरें दुकान असेल, तर त्याचा मालक साठीला आलेला असेल व त्याचा मुलगा त्या जागेंत भ्रमणध्वनीचें दुकान काढण्याच्या विचारांत असेल. त्या मुलाला मी दोष देणार नाहीं. बापानें वीस वर्षें समारंभ केले, हार घातले, चहा पाजला, आणि त्याच्या वहींत काय उरलें हें त्यानें पाहिलेलें आहे.

लोक पैसे देऊन येणार नाहींत, अशी भीति दुकानदारांना वाटते. शंभर येणार नाहींत हें खरें. माझ्या हिशेबाला पंचवीस पुरतात, आणि पहिल्या खेपेस बारा आले तरी शाल व ध्वनिवर्धक यांचा खर्च नसल्यामुळें कोणी बुडत नाहीं. पहिला प्रयोग करावयाचा तर तो दिवाळीच्या दिवसांत करावा. १९०९ मध्यें का. र. मित्र यांनीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हांपासून निदान या एका हंगामांत मराठी माणूस आपण होऊन, पैसे खिशांत घालून, वाचावयाचें कांहीं तरी विकत घेण्यास बाहेर पडतो. त्या आठवड्यांत गांवांतल्याच एखाद्या कथालेखकाला बोलवावें. अंकांत छापून आलेली त्याची गोष्ट त्यालाच वाचावयास सांगावी. आणि शालीला जे पैसे पडले असते ते पाकिटांत घालून, भाषण न करतां, त्याच्या हातीं द्यावे.